पगार घेणारीची सेवा

त्र्यंबकाहून श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची पालखी ज्येष्ठ महिन्यात निघते आणि नाशकातून पंढरीची वाट धरते. चार-पाच मुक्काम झाले की टाचांना फोड येतात, आणि मग वारकऱ्यांची पावले वाटेवरच्या आरोग्यपथकाकडे वळतात. तेथील परिचारिका खाली बसते, पाय हातात घेते, धुते, औषध लावून पट्टी बांधते. आपण एकमेकांच्या पाया पडतो ते क्षणभर. ती मात्र तो चिखलाचा पाय धरून बसलेली असते. पाय कोणाचा, गळ्यात माळ आहे की नाही, हे ती विचारीत नाही.

तरीही आमच्यातच एक बोलणे नेहमी कानी येते. "अहो, ती पगार घेते. मग तिला सेवा कसली म्हणायची? चाकरीच ती!" बोलणारे वाईट नसतात. निष्काम कर्माचे निरूपण ऐकून ऐकून त्यांच्या मनात बसलेले असते, की जेथे पैसा आला तेथून पुण्य उठले. या बोलण्याचा थोडा शोध घ्यावा असे आम्हांस वाटते.

आपल्या संतमंडळींत फुकट राबणारे कितीसे होते? गोरोबाकाका मडकी घडवीत, सावतोबांचा मळा होता, आणि सेना महाराज तर लोकांची हजामत करून पोट भरीत. परक्याच्या देहाला हात लावायचा आणि त्याचे मोल घ्यायचे, हाच त्यांचा धंदा. आणि कथा काय सांगते? महाराज पूजेत गुंतले, राजाचे बोलावणे आले, तेव्हा धोकटी घेऊन देव स्वतः गेला. मजुरीचे काम त्याला हलके वाटले नाही, मग आम्हांला का वाटावे?

वैद्यकशास्त्राचेही मत पाहा. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाकडून उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण मागितले आहेत. बिनपगारी असणे हा गुण त्या चारांत नाही. शुचितेचे म्हणाल तर देवळात पाय धुऊन शिरणारे आपण, दवाखान्यात हात न धुताच रोग्याच्या तोंडी प्रसाद घालतो, आणि सिस्टर रागावली तर तिलाच नास्तिक ठरवून मोकळे होतो!

पण या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात. तेथील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्यांनी देह ठेवला. मधली ४१ वर्षे त्यांना सांभाळले ते त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी. जुन्या निवृत्त झाल्या. ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताबोलताना पाहिले नव्हते, त्या पुढे आल्या.

सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असे माणूस आहे त्याला ठाऊक आहे. हलता न येणारा देह एकाच कुशीवर राहिला, की हाडावरच्या कातडीचे रक्त दाबाने थांबते. काही तासांत ती लाल होते, मग फुटते, आणि जखम हाडापर्यंत जाते. त्यावर मुख्य तोड म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे आणि अंग कोरडे ठेवणे. दिवसा तसेच रात्री. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर अशी जखम झालेली नाही, हे तेथे नमूद झाले. कूस वेळेवर बदलली काय नि उशिरा बदलली काय, महिनाअखेरचा पगार तोच होता.

न्यायालयात अर्ज केला होता लेखिका पिंकी विराणी यांनी. अरुणाताईंना अन्न देणे थांबवून सुटू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. ते निर्दयपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही; इतके भोग पाहून कोणाच्याही मनात ते यावे. ७ मार्च २०११ च्या निकालाने तो अर्ज फेटाळला गेला. उपचार थांबविण्याची वाट काही कडक अटींवर त्याच निकालाने मोकळी केली, पण अरुणाताईंच्या बाबतीत आप्ताचा मान के. ई. एम. च्या सेवकवर्गाला दिला. कोणी म्हणेल, जिला ओळखसुद्धा नीट पटत नाही, तिची सेवा करून काय मिळते? काय हो, विटेवरचा तरी कुठे बोलतो? आपण त्याला न्हाऊ घालतो, नैवेद्य दाखवतो, रात्री शेजारती करून निजवतो.

आणखी एक. १९७३ च्या त्या हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाहेरच्या संस्थांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध काम थांबवले, तेव्हाही "सेवा करणाऱ्यांनी संप करावा का?" असे पुष्कळांनी विचारले. रोग्याचे हाल होतात हे खरे, आणि ते सोसवत नाहीत. पण 'सेवा' हा शब्द आपण त्यांचा पगार कापायला वापरू लागलो, तर तो शब्द आपल्याच तोंडी बाटतो. ज्या के. ई. एम. मध्ये संपाचे कारण घडले, तेथल्याच बायांनी ४१ वर्षे कूस बदलली.

आता आपल्या घराकडे येऊ. पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवले ते आईबापांच्या पायांसाठी. त्याने त्या कामाला माणूस ठेवला असता तर देव थांबला असता का? आज नाशकात मुलगा-सून दोघे कामाला जातात, आईला उचलणे त्यांना जमत नाही. शिकलेल्या बाईच्या हाती ते काम दिले तर त्यात पाप नाही. नवख्या हाताने म्हातारीचे हाड मोडण्यापेक्षा ते शतपट बरे. परंतु "नर्स ठेवली आहे" हे शब्द काही घरांत दार लावून घ्यावे तसे उच्चारले जातात. संध्याकाळी मुलगा येतो, उंबऱ्यातूनच "आज कशी आहे?" असे नर्सबाईला विचारतो, आणि पुढे जातो. त्याने एक दिवस आत बसावे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढायचे नाही, वळवायचे, पाठीशी उशी द्यायची, लाल डाग दिसतो का ते पाहायचे: हे सारे तिच्याकडून शिकून घ्यावे. बाई रात्री आठला आपल्या घरी जाते. दहाची, बाराची, दोनची आणि चारची कूस त्यालाच बदलायची आहे.