जांगडीचा माल

गांधीबागेच्या कापड बाजारात साड्यांचे एक ठोक व्यापारी होते. गादी वडिलांपासूनची, व्यवहार चोख. या शेठची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस मागे लागले. नागपूरचा उन्हाळा, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आणि पाणी मात्र मापून प्यायचे. आमटीची वाटीसुद्धा त्याच हिशेबात. शेठाणी माठातून पाणी घेताना वाटीचा आवाज होऊ देत नसत.

नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत शेठचे नाव होते. एका रात्री फोन आला. विदर्भातल्याच कुठल्याशा घरचा माणूस मेंदूमृत झाला होता. 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसे लिहून दिले आणि त्या घरच्यांनी रडता रडता होकार दिला. शेठच्या ओटीपोटात नवे मूत्रपिंड बसले.

शुद्धीवर येताच त्यांनी विचारले, "कोणाचं हाये जी?"

दात्याचे नाव सांगत नाहीत, असे उत्तर मिळाले. शेठना ते लागून राहिले. उभ्या जन्मात त्यांनी कोणाचा पैसा बुडवला नव्हता. ज्याचे देणे आहे त्याचे नावच ठाऊक नसेल, तर देणे फेडायचे कसे?

मग त्यांनी आपल्या परीने फेड सुरू केली. देवळांना देणग्या दिल्या, गोरगरिबांना कपडे वाटले. वर्ष भरल्यावर मोठा भंडारा घातला. शेठ स्वतः पंगतीत वाढायला उभे, गर्दी हीऽऽ, आणि तोंडावरचा मास्क खिशात. रात्री आठची गोळी समोर आली तेव्हा म्हणाले, "शेवटची पंगत उठू दे." पुढेही असेच होत गेले. आज सत्कार, उद्या कीर्तन, परवा नवस. नवा अवयव टिकवणारी ही टॅक्रोलिमसची गोळी बारा-बारा तासांनी, ठरल्या वेळी घ्यावी लागते. शरीर परका अवयव कधीच आपला मानत नाही. औषधाने त्याला आवरून धरलेले असते, आणि औषध चुकले की शरीर त्या अवयवावर चालून जाते. शेठच्या पायांवर सूज आली, क्रिएटिनिन चढले. पुन्हा रुग्णालय, पुन्हा इंजेक्शने. मूत्रपिंड थोडक्यात वाचले.

घरी आल्यावर दुकानातले म्हातारे दिवाणजी भेटायला आले. दाराशी चपला काढल्या, साबणाने हात धुतले आणि जरा लांबच्या खुर्चीवर बसले.

शेठ म्हणाले, "दिवाणजी, एवढं दानधर्म केलं. मंग असं काऊन झालं?"

दिवाणजींनी उलट विचारले, "शेठजी, सुरतेहून माल जांगडीवर येते, तो तुम्ही कसा ठेवता?"

"वेगळ्या फळीवर. वर चादर टाकून. तेलाचा हात लागू देत नाही. विकला नाही तर जसाच्या तसा परत करावा लागते. परक्याचा माल हाये तो."

"तो माल धूळ खात टाकला, अन् पाठवणाऱ्याच्या नावानं बाजारभर पेढे वाटले, असा व्यापारी तुम्हाला चालला असता काय?"

शेठ गप्प झाले.

"ज्यांनी आपला माणूस गमावला, त्यांना तुमचा भंडारा नको, शेठजी. त्याचं काहीतरी अजून जित्तं राहावं, म्हणून दिलं त्यांनी. ते जपणं हेच आभार. बाकी सगळं त्याच्यानंतर."

शेठची आधीची धडपड खोटी नव्हती, असे मला मनापासून वाटते. देणे फेडायची घाई चांगल्या माणसालाच होते. पण उपकार मोठा असला की तो एकदाच वाजतगाजत फिटत नाही, तो रोज थोडाथोडा फेडावा लागतो.

आता शेठच्या गादीवर गल्ल्याशेजारी पाण्याची बाटली आणि गोळ्यांचा डबा असतो. गठ्ठे सोडायला मुलगा जातो, कारण कापडाची धूळ उडते. लग्नसराईत दुकान कितीही भरलेले असो, सकाळी आणि रात्री आठच्या ठोक्याला शेठ हातातले काम टाकतात. डबा घरचा, ताजा. उघड्यावरचा चिरलेला कांदा-काकडी बंद. रक्ततपासणीची तारीख चोपडीत पहिल्या पानावर लिहिलेली.

3 ऑगस्टला मात्र ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी अवयवदानाबद्दल बोलतात. 1994 साली याच दिवशी दिल्लीच्या एम्समध्ये मृत दात्याचे हृदय देशात पहिल्यांदा यशस्वीपणे बसवले गेले, म्हणून 2023 पासून तो भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळतात. शेठ गिऱ्हाइकांना सांगतात तेच वाचकांनाही सांगतो. अवयवदानाचा अर्ज जरूर भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. वेळ येते तेव्हा डॉक्टर घरच्यांनाच विचारतात, आणि आपल्या माणसाच्या मनात काय होते हे ठाऊक नसेल तर घरचे गोंधळतात. म्हणून आज रात्री जेवायला सगळे एकत्र बसाल, तेव्हा आपली इच्छा घरात मोठ्याने सांगून ठेवा.