रिकामा हात

बार्शीटाकळीत पहाट होते. कालिकामातेच्या जुन्या दगडी मंदिरात कुणी हात जोडतं, मशिदीत कुणी दुवा मागतं. प्रार्थनेतला हात रिकामा असतो.

पण तोच हात कधी छळासाठीही उठतो. गोव्यात 1560 मध्ये येशूच्या नावाने इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. माणसं छळली गेली. कुशस्थळीच्या भक्तांनी आपला देव मंगेश नदीपार प्रियोळला नेला.

असा छळ ही येशूची शिकवण होती का? नाही. त्याला पकडायला लोक आले, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसली. येशूने ती म्यानात ठेवायला लावली. जिवावर बेतलं तरी त्याला रिकामा हातच हवा होता.

पण श्रोतेहो, छळणारेही रोज प्रार्थना करत होते. ‘शिकवण तशी नव्हती’ एवढं म्हणून कुणाची सुटका होत नाही. आपलीही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली, सत्याच्या नावाखाली झालेल्या हिंसेबद्दल सर्वांदेखत देवाची क्षमा मागितली.