यंत्राची नजर आणि आपली जबाबदारी



भिवंडीतील यंत्रमाग कारखान्यांत, गोदामांच्या दारांवर आणि मोहल्ल्यांतील घरांवरही आता कॅमेरे दिसतात. पूर्वी कॅमेरा चित्र टिपत असे आणि त्याचा अर्थ माणूस लावीत असे. आज हे दुसरे कामही संगणकाकडे सोपविले जात आहे. चित्रातील व्यक्ती कोण, ती काय करीत आहे, प्रसंग नेहमीचा की संशयास्पद, हे यंत्राने सांगावे यासाठी जगभर संशोधन चालू आहे. अशा वेळी श्रद्धावंताने स्वतःला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. जे पाहता येते ते सर्व पाहणे उचित आहे काय? आणि यंत्राने एखाद्यावर मारलेला शिक्का सत्य मानावा काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना इब्न अल-हैसम यांचे स्मरण होते. बसरा येथे जन्मलेल्या आणि सुमारे १०४० मध्ये निवर्तलेल्या या विद्वानाने ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात दाखवून दिले की, वस्तूकडून प्रकाश डोळ्यांत येतो तेव्हा ती दिसते. परंतु ती काय आहे हे ओळखताना मन पूर्वानुभवाशी तुलना करून अनुमान काढते, आणि अनुमान चुकू शकते. ग्रंथाचा एक संपूर्ण भाग त्यांनी दृष्टीच्या चुकांना वाहिला आहे.

आजचे यंत्रही अनुमानच काढते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोको’ नावाच्या संग्रहात तीन लाखांहून अधिक छायाचित्रे होती. त्यांतील माणसे, वाहने, प्राणी यांच्या कडा माणसांनीच रेखाटून त्यांना नावे दिली होती. अशा संग्रहांतून यंत्र साम्य शिकते आणि नव्या चित्राला कोणते नाव किती शक्यतेने लागू पडते, एवढेच सांगते. माणसाची नियत त्याला दिसत नाही. रमजानमध्ये सहरीच्या वेळी आपले रस्ते गजबजलेले असतात. ज्या यंत्राला अशी रात्र कधी दाखविलीच नाही, ते तिला असाधारण जमाव ठरवू शकेल. रात्रपाळीचा कामगार मागांच्या खडखडाटातून क्षणभर बाहेर येऊन गोदामाच्या भिंतीला टेकला, तर तोही संशयित ठरू शकेल.

ही भीती निराधार नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका एक टक्क्याहून कमी होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्या जवळपास ३५ टक्क्यांपर्यंत पोहोचल्या.

आता पहिला प्रश्न. सूरह अल-हुजुरातमध्ये अल्लाहने बहुतांश संशयापासून दूर राहण्याची आज्ञा दिली, हेरगिरी करण्यास मनाई केली आणि त्यापूर्वीच्या आयतींत बातमीची शहानिशा करण्यास सांगितले. कोणाच्या घरी जाण्यापूर्वी अनुमती घेण्याचा नियम नजरेच्या कारणास्तवच घालून दिला आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजाविले. म्हणजे पाऊल आत टाकले नाही, तरी नजर आत गेली की मर्यादेचा भंग होतो. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीही एक प्रसंग सांगितला जातो. आवाज ऐकून ते भिंत चढून एका घरात गेले. तेथील माणसाने त्यांना हेरगिरीची मनाई आणि अनुमतीचा नियम यांची आठवण करून दिली, तेव्हा खलीफांनी ते मान्य केले.

कॅमेरा मुळात वाईट नाही. हरवलेले मूल सापडावे, कारखान्यातील आग वेळीच कळावी, निरपराधाची बाजू सिद्ध व्हावी, यासाठी त्याचा उपयोग होतो. मात्र माणूस ओळखणे हे वेगळे काम आहे, आणि ते कसे करावे हे भिवंडीने दाखविले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू, मुस्लिम आणि पोलीस एकत्र बसू लागले, बोलू लागले, एकमेकांस नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जेथे ओळख होती, तेथे अफवेला विचारून पाहण्याची सोय होती.

म्हणून वाचकहो, आपल्या दारावरील कॅमेरा शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा अंगणात डोकावत असेल, तर आजच त्याचा रोख बदला. कारखान्यात कॅमेरा लावला असेल, तर तो कोठे व कशासाठी आहे हे कामगारांना सांगा. कोणाच्या चुकीचे चित्रण हाती आले, तर ते मोबाइलवरून पुढे पाठवू नका. यंत्राने कोणाला दोषी ठरविले, तर त्या माणसाला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐका. यंत्राला आखिरतमध्ये जाब विचारला जाणार नाही. त्याच्या शब्दावर निवाडा करणाऱ्याला मात्र जाब द्यावा लागेल.

अल्लाह आपल्या नजरेला लज्जा आणि आपल्या निवाड्याला न्याय प्रदान करो. आमीन.