कडू घास आणि बटाट्याचा थर



पावसाळ्यातल्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आले की माझ्या हातून एक पदार्थ हमखास होतो. इंग्रजीत त्याला शेफर्ड्स पाय म्हणतात. खाली मटणाचा खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि तो वरून तांबूस होईपर्यंत भाजायचा. नाव ऐकून आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटते की मी मटणाचे पाये शिजवते! खरे मेंढपाळ आपल्याकडे माण-खटावात, आटपाडी-जतला आहेत. त्यांच्या फडक्यात भाकरी, चटणी आणि कांदा असतो. हा पदार्थ इंग्रजांच्या घरातला. रविवारी भाजलेले मांस उरले की दुसऱ्या दिवशी ते बारीक करून बटाट्याखाली झाकायचे, अशी ती काटकसर होती.

माझी आई पाचगणीला एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे ती हे शिकली आणि आमच्या घरात ते 'बरे वाटण्याचे जेवण' झाले. ताप उतरला, कुणी नापास झाले, वडिलांचे काम सुटले, की आई तेच करी.

कृती अवघड नाही. चार माणसांना अर्धा किलो खिमा आणि पाऊण किलो बटाटे पुरतात. कांदा, आले-लसूण, गाजर घालून खिमा परतावा, शिजवावा आणि पाणी आटवावे. मसाला बेताचा. मग तो जरा निवू द्यावा, नाहीतर वरचा थर खाली बसतो. बटाटे सालासकट उकडून, सोलून, गरम असतानाच हाताने कुस्करावेत आणि त्यात लोणी, मीठ व थोडे गरम दूध घालावे. मिक्सरला लावू नयेत, लगदा चिकट होतो. वरून काट्याने रेघा ओढल्या की उंचवटे खरपूस होतात. ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंचवीस मिनिटे पुरतात. आईकडे ओव्हन नव्हता. ती पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवी.

पण आज लिहायला बसले ती कृतीसाठी नव्हे. या पदार्थाने मला एक प्रश्न घातला, तो तुमच्यापुढे ठेवायचा आहे. आपल्याशी लोकांनी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, हे आपण लहानपणापासून शिकलो. मग जे मला बरे वाटते तेच दुसऱ्याला दिले की झाले का?

सात वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. आपल्या भागात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी आणि सोयरे जेवण आणतात. त्याला कडू घास म्हणतात. आमच्या शेजारच्या वहिनी माळकरी आहेत, त्यांच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. तीन दिवस त्यांनी पिठले-भाकरी आणली. माझ्या घशाखाली घास उतरेना. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, "ताई, तुम्हाला काय खावंसं वाटतं? खरं सांगा." मी भान नसल्यासारखी बोलून गेले, "आई करायची तसं मटण-बटाट्याचं." बोलले आणि जीभ चावली. वहिनी काही न बोलता गेल्या. संध्याकाळी त्या मोठे पातेले घेऊन आल्या. त्यात कुस्करलेले बटाटे होते, लोणी घालून, गरम. माझ्या मुलीला म्हणाल्या, "खालचं तुझं तू कर बाई. वरचं मी आणलंय." त्या रात्री मी पोटभर जेवले.

दोन वर्षांनी त्यांच्या घरी तसाच प्रसंग आला. भाऊजी अचानक गेले. मी घरी आले आणि काही विचार न करता खिमा परतायला घेतला. मला ज्याने धीर आला तेच त्यांना द्यावे, एवढेच मनात होते. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, हे तू कुणाला नेणार आहेस?" कढईतला खिमा तसाच राहिला. माळकऱ्याच्या घरी, सुतकात, मी मटण नेणार होते! माझ्या मनात प्रेमच होते, पण त्या प्रेमात वहिनी कुठेच नव्हत्या. मीच होते.

जॉर्ज बर्नार्ड शॉ या नाटककाराने १९०३ साली या नियमाला नेमका हाच टोला मारला होता. माणसांच्या आवडी सारख्या नसतात, हा त्याचा आक्षेप. आक्षेप खरा आहे, पण त्याने नियम मोडत नाही असे मला वाटते. वहिनींनी तो पाळला होता. आपल्या आवडीचे पिठले सोडून त्यांनी माझ्या जागी उभे राहून पाहिले, आणि तरीही आपले व्रत सोडले नाही. मी आवडता पदार्थ हा नियम समजले. त्यांना समजले होते की मलाही कुणी विचारावे असे वाटेल, म्हणून विचारायचे.

विचारण्याचीही एक रीत आहे. "काही लागलं तर सांगा" असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. दुःखातल्या माणसाला तेवढे सांगायचेही बळ नसते, तो "काही नको" म्हणतो. म्हणून मी त्या दिवशी हात धुऊन त्यांच्याकडे गेले आणि विचारले, "बटाटे उकडून आणू का?" वहिनी म्हणाल्या, "आणा. नुसतं मीठ आणि तूप घाला. सासूबाईंना दात नाहीत, दोन दिवस त्यांच्या पोटात काही नाही." माझ्या पदार्थाचा वरचा थर तेवढा नेला. म्हातारीने वाटीभर खाल्ला.

बटाट्याचेच मला नवल वाटते. दक्षिण अमेरिकेतून निघालेले हे पीक. त्याचे नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतले. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला चिनी कैदी ठेवले होते, त्यांनीही तिथल्या मळ्यांत बटाटे पिकवले. परक्यांनी आणलेला, कैद्यांच्या हातून मातीत गेलेला हा कंद आज वहिनींच्या एकादशीला चालतो आणि माझ्या खिम्यावरही बसतो. सगळे काही दोन्ही घरांत चालत नाही, आणि चालावे असा हट्टही नको. जेवढे चालते तेवढे शोधून काढायला मात्र थोडे थांबावे लागते.

आपली वस्ती लहान. आपले बहुतेक शेजारी दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या चालीरीतींचे. त्यांच्या दुःखात आपण जातोच. पुढच्या वेळी डबा भरण्याआधी एकदा विचारूया. आणि आपल्यावर वेळ आली की कुणी विचारले तर "काही नको" म्हणू नये. खरे सांगावे. वहिनींना मी खरे सांगितले नसते, तर त्यांना माझे दार उघडायला वाट मिळाली नसती.

उरलेला तो खिमा आम्ही मायलेकींनी दुसऱ्या दिवशी खाल्ला. वर बटाटा नव्हता. तो शेजारी गेला होता.