फाटक आणि टेबल

डॉक्टरकीची इंटर्नशिप संपल्यावर साठवलेल्या स्टायपेंडमधून लेक आठवडाभर एडिनबरोला जाऊन आली. जयपूरला, दुर्गापुऱ्याच्या घरात बॅग उघडली, तेव्हा चॉकलेटांच्या डब्याखाली एक वही निघाली. पहिल्या दोन पानांवर तिथल्या थोर डॉक्टरांची यादी होती. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणणारा सिम्पसन होता, जखमा जंतूंपासून वाचवणारा लिस्टर होता. तिसऱ्या दिवशी यादी थांबली होती. पुढच्या पानावर पेन्सिलीनं काढलेलं एक फाटक आणि खाली दोन प्रश्न: बाहेर कोण राहिलं? टेबलावर कोण आलं?

कुठल्याही शहराचा वैद्यकीय इतिहास पुतळ्यांपासून नव्हे, या दोन प्रश्नांपासून वाचायला हवा, असं ती वही वाचल्यापासून मला मनापासून वाटतं.

फाटक सर्जन्स हॉलचं, म्हणजे एडिनबरोच्या शल्यवैद्यांच्या कॉलेजचं. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी एडिनबरो विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश घेतला. पुढे त्या सातजणी म्हणूनच ओळखल्या गेल्या. १८ नोव्हेंबर १८७० रोजी त्या शरीरशास्त्राच्या परीक्षेला सर्जन्स हॉलपाशी पोहोचल्या, तर रस्ता अडवून मुलांचा जमाव उभा. शिव्या दिल्या, चिखल फेकला आणि तोंडावर फाटक लावून घेतलं. आतून एका सहानुभूती असलेल्या मुलानं दार उघडलं, तेव्हा कुठे त्या आत गेल्या. परीक्षा सुरू असताना दालनात एक मेंढी ढकलून देण्यात आली. चिखलानं भरलेल्या कपड्यांत त्यांनी पेपर दिले. एवढं करून १८७३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की यांना पदवी देणं विद्यापीठावर बंधनकारक नाही.

या सातजणींत एक होती एडिथ पीची. तिनं पुढे स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून पदवी घेतली, १८८३ मध्ये ती मुंबईला आली आणि तिथल्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. एडिनबरोचं फाटक मराठी घराच्या उंबरठ्याला भिडतं ते इथे. त्याच मुंबईत रखमाबाई होत्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. वयात आल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, दावा लावला आणि १८८७ मध्ये न्यायालयाचा हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या सुटल्या, आणि १८८९ मध्ये डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. पाठीशी पीची होत्या.

लंडनमध्ये त्या शिकल्या ते बायकांसाठीचं वैद्यकीय विद्यालय. १८७४ मध्ये ते उभं केलं ते याच जेक्स-ब्लेकनं, एडिनबरोनं पदवी नाकारल्यावर. म्हणजे ते फाटक बंद झालं नसतं, तर कदाचित ती शाळाच निघाली नसती. मला यात कसलंही समाधान वाटत नाही. अपमानातून चांगलं निपजलं म्हणून अपमान क्षम्य होत नाही. पण चिखल झटकून दुसरं दार बांधणाऱ्या बायकांचं ऋण आपल्या घरापर्यंत आलं आहे, हे आपल्या मुलींना ठाऊक असलं पाहिजे. रखमाबाईंनी एडिनबरो आणि ग्लासगोच्या परीक्षा दिल्या, ब्रसेल्सची एम.डी. घेतली आणि त्या परतल्या. पुढची नोकरीची बहुतेक वर्षं सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत गेली.

त्या सातजणींना विद्यापीठानं पदवी दिली ती २०१९ मध्ये, मरणोत्तर. त्यांच्या वतीनं ती स्वीकारायला तिथे शिकणाऱ्या सात मुली उभ्या राहिल्या. लेकीनं वहीत या नोंदीखाली नुसती तारीख लिहिली आहे.

आता टेबल. सर्जन्स हॉलच्या संग्रहालयात एक छोटं, गडद रंगाचं पाकीट ठेवलं आहे. ते माणसाच्या कातडीचं आहे. विल्यम बर्कच्या. १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारली आणि प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सला विकली. विच्छेदनाला मृतदेह मिळत नव्हते, मागणी मोठी होती आणि प्रेत कुठून आलं हे कुणी विचारत नव्हतं. मेलेले सगळे गरीब. त्यात जेमी विल्सन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. पायात व्यंग होतं, तो अनवाणी हिंडायचा आणि सगळं शहर त्याला ओळखायचं. म्हणून, असं सांगतात, टेबलावर त्याचं डोकं आणि पाय आधी कापून वेगळे केले गेले. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली. नॉक्सवर खटला झाला नाही.

जेमीच्या अनवाणी पायांशी लेकीची नजर अडकली याचं मला नवल वाटलं नाही. जयपूरमध्ये वाढलेल्या मुलीला पाय दिसणारच. टोंक रोडनं सरळ गेलं की सवाई मानसिंह रुग्णालय लागतं. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडला. डॉ. प्रमोद करण सेठी १९५४ मध्ये याच एडिनबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले होते, ज्याचा तो सर्जन्स हॉल. परदेशी कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नव्हता, आणि आपला माणूस तर मांडी घालतो, उकिडवा बसतो, ओल्या शेतात अनवाणी उतरतो. रबराचा, बोटं असलेला, वाकणारा पाय हातांनी घडवला तो कारागीर रामचंद्र शर्मांनी. १९८१ चा मॅगसेसे सेठींना मिळाला. तो योग्यच होता. पण शर्मांचं नाव त्याच दमात घेतलं जावं, एवढा आग्रह मी धरणार. ते हात नसते तर तो पाय कागदावर राहिला असता.

आणि आपलं टेबल? ब्रिटनमध्ये १८३२ च्या कायद्यानं प्रेतांसाठी होणारे खून थांबले. पण गरिबांना ठेवायच्या वर्कहाउसमध्ये मेलेली, मागे कुणी नसलेली माणसंच टेबलावर येऊ लागली. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानं बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागले. आता देहदान करणारे पुढे येतात, ही मोठी गोष्ट आहे. तरीही ज्याला कुणी विचारलं नाही असा देह शिकणाऱ्याच्या हाताखाली येत राहतो, आणि त्याच्यावर शिकलेला हात पुढे आपल्यातल्या कुणाची तरी नस शोधतो.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी लेकीला विचारलं, तुम्हाला पहिल्या वर्षी मिळाला होता तो कोण होता गं?

"नाव नव्हतं आई. नंबर होता."

तिनं वही ओढली आणि शेवटच्या पानावर तो नंबर लिहिला. सहा वर्षांनी, न अडखळता.