पिकलेली श्रद्धा
धर्माचा कित्ता दुसऱ्याकडून बळेच गिरवून घेता येतो काय? मला वाटते, नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि घर दुभंगले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पुन्हा नांदायला आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. टिळक मोठे तापट. पण ते सोवळे त्यांनी मोडले नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे बाईंना स्वतःच्याच विचाराने पटले, तेव्हा ते आपोआप गळले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नव्या श्रद्धेला उत्साह असतो. पिकलेल्या श्रद्धेला दम असतो. तापट माणसाने धरलेला तो धीर मला त्यांच्या प्रवचनांहून थोर वाटतो. आणि आपण, वाचकहो? मुलांनी आपला देव आजच मानावा, म्हणून केवढी घाई करतो!