मतपेटी आणि लाटणे

मत देऊन आल्यावर बोटाला लागलेली शाई काही आठवड्यांत नखाबरोबर वर सरकते आणि नाहीशी होते. त्या शाईच्या जोरावर आलेले सरकार मात्र पाच वर्षे राहते. या मधल्या काळात नागरिकाने काय करावयाचे? आमचे एक स्नेही आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते या प्रश्नाचे उत्तर तीन शब्दांत देतात: "आपापले काम करावे." मोर्चा हा शब्द निघाला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. ज्याला सरकार पसंत नसेल त्याने थांबावे, पुन्हा शाई लावून घ्यावी. रस्ता हा जाण्यायेण्यासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे. गृहस्थ सज्जन आहेत, उभ्या नोकरीत कुणाचा चहासुद्धा न घेतलेले. अशा माणसाचे मत पटले नाही तरी ते झटकून टाकता येत नाही.

शिवाय त्यांच्या बाजूने एक फार मोठा साक्षीदार उभा आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला हजारोंना घेऊन जाणारे आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह उभा करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलायला उठले, तेव्हा त्यांनी बजावले की कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग आता आपण सोडून दिले पाहिजेत. घटनात्मक वाट बंद होती तेव्हा त्यांचे समर्थन करता येत होते; ती वाट मोकळी झाल्यावर ते अराजकाचे व्याकरण ठरते. ज्याने स्वतः ते व्याकरण पाठ केले होते त्यानेच हे सांगावे, याला वजन आहे.

पण स्नेही नेमके इथे पुस्तक मिटतात. त्याच भाषणात, लगेच पुढे, दुसरा इशारा आहे. जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन बाबासाहेब सांगतात की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल. राजकारणात मात्र भक्ती अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते. एक इशारा रस्त्यावरच्या गर्दीला, दुसरा खुर्चीपुढे हात जोडणाऱ्या गर्दीला! पहिला तेवढा ऐकायचा आणि दुसऱ्याच्या वेळी कानांत बोटे घालायची, हा न्याय नव्हे. आणखी एक गोष्ट. त्याच घटनेच्या एकोणिसाव्या कलमात नागरिकांना शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे शांतपणे निघालेला मोर्चा हा घटनेबाहेरचा मार्ग नव्हेच. तो मतपेटीइतकाच घटनेच्या घरातला आहे. पाच वर्षांतून एकदाच उघडणारा दरवाजा आणि रोज उघडी राहणारी खिडकी, असे फार तर म्हणावे.

ही खिडकी काय कामाची असते, हे मुंबईच्या गृहिणींनी १९७२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले. राज्यात मोठा दुष्काळ. साखर, तेल, रॉकेल बाजारातून अदृश्य झालेले. आणि मिळेल तिथे रांग. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाई प्रतिकार समितीत एकत्र आल्या आणि त्यांच्यामागे बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत निघाल्या. दिवाळी अंकांच्या व्यंगचित्रांत लाटणे नवऱ्याच्या डोक्यासाठी राखून ठेवलेले असते. इथे ते मंत्र्याच्या दाराशी आले. आमच्या चाळीतल्या ज्या बाया कधी सभेला गेल्या नव्हत्या, त्यांनीही दुपारची धुणी आटोपून पायांत चपला सरकवल्या. त्यांना सरकार उलथवायचे नव्हते. रॉकेल कुठे गेले, एवढेच त्यांना विचारायचे होते. पण असा प्रश्न पाच वर्षे थांबवून ठेवता येतो काय? चूल संध्याकाळी पेटवायची असते.

आणि मग २५ जून १९७५ ची रात्र आली. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली आणि केंद्रीय मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. सत्ता एका जागी गोळा होऊ लागली की ती प्रथम विरोधकांची घेतली जाते असे आपण समजतो. प्रत्यक्षात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही कुणी विचारीत नाही. त्यानंतर तुरुंग भरले. मृणालताईही आत गेल्या. १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की आणीबाणी चालू असेतो स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्या. खन्नांनी विरोधी मत लिहिले, आणि पुढे त्यांच्या हक्काचे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला देण्यात आले.

या काळाबद्दल स्नेही एक वाक्य नेहमी बोलतात: "पण गाड्या वेळेवर येत होत्या." ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शिस्त मलाही आवडते. गाडीची वाट पाहत फलाटावर उभे राहणे कुणाला आवडेल? एकवटलेल्या सत्तेचे खरे आकर्षण हेच आहे की ती पहिल्या दिवशी सोयीची असते. रांग हलते, कचेरीत माणूस जागेवर सापडतो. हिशेब पुढे होतो. आणि तो होतो तेव्हा ज्याला तक्रार करायची असते त्याच्या तोंडावर हात असतो. वेळेवर आलेल्या गाडीत कोण बसलेले नाही, हे विचारण्याची सोय उरत नाही. १९७७ च्या मार्चमध्ये मतपेटी उघडली, पाणीवाली बाई दिल्लीत गेली आणि दिल्लीवाली बाई पाण्यात गेली, अशी कोटी लोकांच्या तोंडी झाली, हे खरे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याशिवाय अशी घोषणा करता येणार नाही, असेही ठरले.

तथापि सत्ता एकवटायला दर वेळी मध्यरात्रीची सही लागते असे नाही. दिवसाढवळ्या, चांगल्या हेतूनेही ती एकवटते. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. आमदार-खासदारांचा बाजार थांबावा हा त्यामागचा हेतू होता आणि देशाने त्याचे स्वागतच केले. पण त्याचा दुसरा परिणाम असा की पक्षाचा आदेश निघाल्यावर सभागृहात त्याविरुद्ध मत देणाऱ्याला आपली जागा गमवावी लागू शकते. बाजार काही थांबला नाही. तो किरकोळीतून घाऊक झाला, हे महाराष्ट्राला मी सांगायला नको! मात्र एकट्यादुकट्या सदस्याचा प्रामाणिक मतभेद आटला. मग माझ्या गावच्या पाण्याचा प्रश्न माझ्या आमदाराने पक्षाविरुद्ध मत देऊन मांडायचा नसेल, तर तो मांडायचा कुणी? सभागृहात जागा नसलेला मतभेद नाहीसा होत नाही. तो पायऱ्या उतरून रस्त्यावर येतो. स्नेही मोर्च्याला कारण समजतात. मला तो पुष्कळदा परिणाम वाटतो.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. गर्दी हीसुद्धा एकवटलेली सत्ताच असते. तिला मते मोजून कुणी निवडलेले नसते, आणि पाच वर्षांनी तिला घरी पाठवता येत नाही. एसटीवर दगड पडतो तेव्हा तो मंत्रिमंडळावर पडत नाही. खिडकीशी बसलेल्या, माहेराहून परतणाऱ्या बाईवर पडतो. २००३ साली मुंबईत पुकारलेल्या एका बंदाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी दोन पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. बंद पाडणारा शेजाऱ्याच्या दुकानाचे कुलूप स्वतःच्या खात्यावर जमा करतो. लाटणे घेऊन निघालेली बाई स्वतःची दुपार खर्च करते. माझ्या मते पाहायचे ते हे, की त्रास कुणाच्या अंगावर घेतला जात आहे. ही कसोटी पूर्ण नाही, कारण अत्यंत शिस्तीच्या मोर्च्यानेही कुणाची तरी गाडी अडते. पण ती पुष्कळ दूरपर्यंत पुरते.

२०१८ च्या मार्चमध्ये ती कुठवर पुरते ते दिसले. ६ तारखेला नाशिकहून हजारो शेतकरी निघाले, त्यांतले बरेचसे आदिवासी, वनहक्क कायदा २००६ साली होऊनही कसत्या जमिनीचा कागद हाती न आलेले. सुमारे १८० किलोमीटर, कसारा घाट उतरून, उन्हातून. ११ ला रात्री मंडळी मुंबईत सोमय्या मैदानावर पोचली. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी रस्ते अडले तर मुलांचे पेपर बुडतील, म्हणून सहा दिवस चाललेली ती माणसे झोप सोडून रात्रीच पुन्हा उठली आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानाला लागली. त्यांच्या टाचांच्या भेगांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. मुंबईकरांनी पाणी, बिस्किटे, चपला आणून दिल्या. ही बातमी मी स्नेह्यांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चष्मा पुसत म्हणाले, "परीक्षेचे त्यांना कुणी सांगितले?" कुणी सांगितले असेल ते असो, त्यांनी ते ऐकले. राज्य चालवणाऱ्यांना उद्या कुणाचा पेपर आहे हे इतक्या तत्परतेने आठवल्याचे प्रसंग मला तरी फारसे ठाऊक नाहीत.

१२ तारखेला सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत ते लोक पुन्हा निघाले, आश्वासन घेऊन थांबले. २०२३ च्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा निघाले आणि ठाणे जिल्ह्यातील वासिंदला मुक्काम करून बसले. मागण्यांत वनजमिनीच्या दाव्यांची मागणी होती. ती २०१८ च्या कागदावरही होती. चालणारा चालायला लागला की त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. ज्याला तोही बुडवणे परवडत नाही, असा माणूस तिन्ही वेळा सुरगाण्याच्या किंवा दिंडोरीच्या बाजूला आपल्या दारात उभा राहून, निघालेल्यांना भाकरी बांधून देत असेल.